ती नाव, ते नाव

आमच्या नात्यातल्या एका गृहस्थांची यवतमाळ जिल्ह्यात स्वतःची मोटारबोट आहे, असे आम्ही एखाद्या चर्चासत्रात जेवणाच्या रांगेत कोणाला सांगितले, की ऐकणारा आधी हसतो आणि मग हसल्याबद्दल थोडा ओशाळतो. त्याचे हसणे आम्हाला समजते. कापूस, तूर, सागाची जंगले आणि गेली पंचवीस वर्षे वर्तमानपत्रांतून येत राहिलेल्या शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्या, यांतून या जिल्ह्याचे जे चित्र बाहेरच्यांच्या मनात तयार झाले आहे, त्यात पाण्याला जागा नाही. नकाशा मात्र निराळे सांगतो. जिल्ह्याची एक कड वर्धेने आखली आहे, दुसरी पैनगंगेने. आणि आत पूस, अरुणावती, बेंबळा या नद्यांवर धरणे उभी आहेत. पैनगंगेवरचे मोठे धरण पुसद तालुक्यातल्या इसापूरचे. ऊर्ध्व पैनगंगा प्रकल्पाची ही चार किलोमीटरांहून लांब मातीची भिंत १९८२ साली पुरी झाली. तिच्यामागे पसरलेल्या पाण्याचा एक काठ विदर्भात आहे आणि दुसरा मराठवाड्यात. १९४८ पूर्वी ही नदी वऱ्हाड आणि निजामाचे राज्य यांच्यामधली सीमा होती. त्यामुळे आमच्या आजोळची जुनी माणसे पलीकडच्या काठाला शेवटपर्यंत 'मोगलाई' म्हणत.

मामांची बोट या पाण्यावर असते. आम्ही पतिपत्नी दोघेही महाविद्यालयात मराठी शिकवतो. मामा आमच्यापैकी एकीचे सख्खे मामा. पण लग्नाला वीस वर्षे होत आली, की मामा नेमके कोणाचे हा प्रश्न उरत नाही. त्यांचे गाव आणि वडिलोपार्जित अठरा एकर या धरणात गेले, तेव्हा ते तिशीत होते. मोबदला आला आणि तीन भावांत वाटून संपला. 'पुनर्वसन' या शासकीय शब्दालाच जिथे लोक गावाचे नाव म्हणून वापरतात, अशा नव्या वस्तीत एक भूखंड मिळाला. मामा पुसदला जाऊन मोटारपंपांची दुरुस्ती शिकले आणि पुढची तीस वर्षे त्यांनी दुसऱ्यांच्या विहिरींवरची इंजिने चालू ठेवली. साठी उलटल्यावर त्यांनी मासेमारीच्या एका ठेकेदाराकडून चौदा फुटी जुनी फायबरची बोट आणि आठ अश्वशक्तीचे टू-स्ट्रोक इंजिन विकत घेतले. घरच्यांनी विचारले, मासे धरणार काय? मामा म्हणाले, नाही. मग कशाला? या प्रश्नाला त्यांनी उत्तर दिले नाही, आणि आम्हीही पंधरा वर्षांत तो पुन्हा विचारला नव्हता.

आम्ही दर जानेवारीत एक रविवार त्यांच्याबरोबर बोटीवर घालवतो. तो दिवस फिरण्यापेक्षा डागडुजीचा अधिक असतो. यंदाच्या रविवारी पुसदहून निघालो तेव्हा रस्ताच दिसत नव्हता. हवामानशास्त्र एक किलोमीटरच्या आतले दिसेनासे झाले की त्याला धुके म्हणते. त्या सकाळी समोरच्या बैलगाडीचा कंदील दहा पावलांवर आल्यावर कळत होता. आमच्याकडे धुके हा शब्द पुस्तकातला. बोलण्यातला शब्द 'धुवारी'. शिवाय पुस्तकातले धुके प्रसन्न असते, त्यातून सूर्यकिरण वगैरे येतात. धुवारी ऐन फुलोऱ्यातल्या तुरीवर उतरते आणि फुले गळवते. वाटेत एक शेतकरी बांधावर काडीकचरा पेटवून धूर करीत होता. आमच्या वर्गातल्या मुलांना धुक्यावर निबंध लिहायला दिला, तर ती आजही पुस्तकातले धुके लिहितात. बांधावरचा हा माणूस त्यांच्यापैकी अनेकांचा बाप असतो.

मामा काठावर आधीच आले होते. बोट ओढून घेतलेली, इंजिन एका लाकडी घोडीवर चढवलेले. "घाई करू नका, जावाईबापू. धुवारी आपल्या मनानं उठते. तवर हात चालू द्या," ते म्हणाले. आणि हात चालू झाले.

बोटीची निगा म्हणजे काय, हे आम्हाला एकेकाळी रंगकाम वाटे. खरे काम न दिसणाऱ्या जागी असते. मामांनी आधी टाकीतले तळाचे पेट्रोल काचेच्या बाटलीत काढले आणि बाटली उजेडाकडे धरली. खाली बोटभर थर वेगळा दिसत होता. पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असते. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेते, आणि टाकी अर्धी रिकामी राहिली की पाणी तळाशी जमते. ते सारे पेट्रोल बाजूला गेले. नवे आले, लिटरमागे २० मिलिलिटर तेल मिसळून. मग प्लग काढून घासला. मग खालच्या गिअरपेटीचा स्क्रू सैल केला, तेव्हा काळसर तेलाऐवजी ताकासारखे पांढरट काहीतरी गळू लागले. मामा ते बोटांवर चोळून म्हणाले, "पाणी शिरलं. जाळ्याचा दोरा असन." पंखा उतरवल्यावर दांड्याभोवती नायलॉनच्या तुटक्या जाळ्याचा दोरा करकचून गुंडाळलेला निघाला. तो फिरता फिरता रबरी सील कापतो, सीलमधून पाणी तेलात जाते, आणि तेलाचे ताक होते. नवे सील मागवावे लागणार होते. तोवर तेल बदलून, हळू चालवून भागवायचे असे ठरले.

नाळेजवळ फायबरला वीतभर तडा गेला होता. रेझिन, हार्डनर आणि काचतंतूंची मॅट असे सारे साहित्य आम्ही आणले होते. पण मामांनी तड्यावरून तळहात फिरवला आणि ओला तळहात आमच्यापुढे धरला. ओल्यावर रेझिन धरत नाही. ऊन येईपर्यंत ते काम होण्यासारखे नव्हते. तडा पाण्याच्या रेषेच्या वर होता, म्हणून बोट काढायला हरकत नव्हती.

आम्ही वर सहज 'नाळ' असे लिहिले. बोटीच्या पुढच्या टोकाचा हा शब्द आम्हाला कोकणातल्या कादंबऱ्यांनी दिला. मामा त्याला 'तोंड' म्हणतात. नाळ, शीड, डोलकाठी, तांडेल हे सारे शब्द समुद्राकाठच्या मराठीचे आहेत. सुकाणू तर अरबी खलाश्यांकडून आलेला. वऱ्हाडच्या मराठीत डोंगा आहे, भोई आहे, पण चाळीसएक वर्षांपूर्वी एकाएकी दारात आलेल्या या एवढ्या पाण्यासाठी तिच्यापाशी शब्द नव्हते; जे नव्हते ते तिने शेतातून आणले. मामांच्या बोटीचा नांगर म्हणजे त्यांच्या वडिलांच्या लोखंडी नांगराचा फाळ आहे, साखळीला बांधलेला. जहाजाचा नांगर फारसीतल्या 'लंगर'वरून आला आणि शेताचा नांगर संस्कृतातल्या 'लाङ्गल'वरून. दोन वाटांनी आलेले हे शब्द मराठीत एकच होऊन बसले. व्युत्पत्तीच्या तासाला हे उदाहरण आम्ही अनेक वर्षे दिले आहे. ते एका साखळीला लोंबकळताना दिसते, हे वर्गात सांगायचे मात्र आम्हाला कधी सुचले नाही.

तसेच ज्ञानेश्वरीचे. सातव्या अध्यायात ज्ञानदेव मायेला नदी कल्पितात. माणसे आपापल्या साधनांनी ती तरू पाहतात आणि एकेक करून बुडतात; अखेरीस सर्वभावे शरण गेलेल्याला पलीकडे जावेच लागत नाही, त्याच्यासाठी मायेचे पाणी अलीकडच्या थडीलाच सरते. भवसागर, तारू, पैलतीर ही आपल्या संतकवितेची कायमची भाषा आहे. आम्ही ती शिकवतो, तिच्यावर टिपा लिहून देतो. परंतु आमच्या विद्यार्थ्यांपैकी बहुतेकांनी जे एकमेव मोठे पाणी पाहिले आहे, ते धरणाचे. तिथे 'पैल' म्हणजे काय, हे आम्ही त्यांना विचारले नव्हते.

नऊच्या सुमारास धुवारी जराशी विरळ झाली. काठ, वाळक्या बाभळी, ओढून ठेवलेले मासेमारांचे डोंगे दिसू लागले. लाइफ जॅकेट घालूनच बोटीत पाय ठेवायचा आणि अभयारण्याच्या बाजूला इंजिन न्यायचे नाही, हे मामांचे दोन दंडक. तिसऱ्या ओढीला इंजिन लागले. मागच्या भोकातून थंडाव्याच्या पाण्याची बारीक धार पडते आहे ना, हे मामांनी पाहिले; ती धार थांबली की इंजिन तापते. मग सावकाश निघालो. पाणी शिशासारखे, हलत नसलेले. अर्ध्या तासात आम्ही बऱ्याच आत गेलो असू. आणि मग, कोणीतरी दार लोटावे तशी, धुवारी पुन्हा मिटली.

मामांनी इंजिन बंद केले. धुक्यात चालणाऱ्या जहाजाने दोन मिनिटांच्या आत एकेकदा लांब भोंगा द्यावा, असा समुद्रावरचा आंतरराष्ट्रीय नियम आहे. मामांनी बाकाखालून स्टीलची थाळी काढली आणि भाचीच्या हातात दिली. "वाजवत राय अधूनमधून. डोंगेवाला येऊन आदळू नये." थाळीचा आवाज थोडा वेळ पुढे गेल्यासारखा वाटे आणि मग कापसात शिरल्यासारखा संपे. मधल्या शांततेत आम्ही ऐकू लागलो: कुठेतरी पंप, कुठेतरी कुत्रे; पण कुठल्या काठाचे, ते कळेना. विदर्भही नाही आणि मोगलाईही नाही. आयुष्यात प्रथमच आम्ही अशा जागी होतो, जिथे ऐल आणि पैल हे दोन्ही शब्द निरुपयोगी होते.

भीती वाटली, हे लपवण्यात अर्थ नाही. आमच्यापैकी एकाने मोबाइल काढला. नकाशा उघडला, त्यात आमचा ठिपका दिसला: सलग निळ्या रंगात एक ठिपका. त्याच्या आधाराने काठावर नक्कीच जाता आले असते. मामांनी तो पाहिला, मान डोलावली आणि विचारले, "खाली काय हाय म्हणते थो?" खाली निळे होते. दुसरे काही लिहिलेले नव्हते.

मग मामांनी दोरी काढली. दोरीच्या टोकाला धोंडा, आणि दर हाताला एक गाठ. धोंडा सोडला, गाठी बोटांतून जाऊ दिल्या. चौदा हातांवर दोरी सैल पडली. त्यांनी ती दोनदा उचलून टेकवली. "ठन्न् लागते. गाळ सगळीकडं सारखा नाही बसत. टेकाडावर कमी ऱ्हायते. पांढरी हाय ही." पांढरी म्हणजे गावठाण, काळी म्हणजे शेत. आम्ही गावावर होतो. वल्ह्याने जराशी बोट सरकवून त्यांनी पुन्हा धोंडा टाकला: बावीस हात, आणि दोरी वर येताना जड. "नाला. नाल्याच्या अंगानं उगवतीले धोंडीचं वावर. आपलं." 'धोंडीचं' कशामुळे, असे विचारल्यावर ते म्हणाले, त्यांच्या आजाच्याही आधीपासून त्या बांधावर शेंदूर लावलेला एक मोठा धोंडा होता. पोळ्याला बैल तिथे थांबत.

पुढचा तासभर मामांनी बोट चालवली ती अशी. वल्हे मारायचे, धोंडा टाकायचा, नाव सांगायचे. लांब वावर. बुढीचं. भुताच्या चिंचेचं. दोन बांधाचं. खारीचं. सतीचं. काही नावांना गोष्ट होती, काहींची गोष्ट त्यांनाही ठाऊक नव्हती. एका जागी ते थांबले, फाळ पाण्यात सोडला, साखळी ताणून पाहिली आणि आपल्या वावरावर नाव नांगरून बसले. मराठीच्या शिक्षकाला हे वाक्य वर्गात सुचले असते, तर ते अतिरंजित म्हणून त्याने खोडले असते. आम्ही फक्त पाहत होतो. मामा पाण्याकडे पाहत नव्हते. मांडीवरच्या दोरीच्या गाठी मोजत होते.

"लिवून घ्या," ते एकदम म्हणाले. "पोराले यात रस नाही, अन् त्याचं बी चूक नाही, त्यानं पाह्यलं नाही. मी गेल्यावर हे कोन सांगन?"

आमच्याकडे वही नव्हती. बोटीच्या कागदपत्रांच्या प्लॅस्टिक पिशवीत नोंदणीच्या अर्जाची जादा प्रत होती; तिच्या मागे आम्ही लिहू लागलो. १९१७ चा जुना कायदा जाऊन २०२१ साली अंतर्देशीय नौकांचा नवा कायदा आला, त्यानुसार यंत्रावर चालणाऱ्या नौकेची नोंदणी करावी लागते, म्हणून मामांनी तो अर्ज आणून ठेवला होता. सगळे रकाने भरलेले होते. नौकेचे नाव, एवढाच कोरा.

कोऱ्या रकान्यावरून सातबारा आठवला. गाव नमुना सातवर 'शेताचे स्थानिक नाव' असा एक रकाना छापलेला असतो. गट क्रमांक, क्षेत्र, आकार, भोगवटादार यांच्या गर्दीत तो बहुतेक ठिकाणी रिकामा राहतो, कारण त्यावाचून सरकारचे काही अडत नाही. संपादन झाले ते क्रमांकांचे. मोबदला मिळाला तो क्षेत्राचा. नावांना मोबदला नव्हता, म्हणून त्यांची यादीही झाली नाही. जुन्या छापील नमुन्यांत हा शब्द 'नांव' असा अनुस्वार देऊन लिहिलेला दिसतो. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी तो अनुच्चारित अनुस्वार काढला आणि माणसाचे नाव व पाण्यावरची नाव लिहिण्यातही सारखी झाली. 'ते नाव' आणि 'ती नाव', एवढाच लिंगाचा फरक राहिला.

आता एक कबुली द्यायला हवी. खरे तर तिच्यासाठीच हा लेख लिहायला घेतला.

विश्वास पाटील यांची 'झाडाझडती' १९९१ साली प्रसिद्ध झाली आणि पुढच्याच वर्षी तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. धरणग्रस्तांच्या पुनर्वसनावरची ही कादंबरी आम्ही दोघांनीही शिकवली आहे. काही वर्षांपूर्वी अंतर्गत परीक्षेत आम्ही नेहमीचा प्रश्न घातला होता: विस्थापितांच्या व्यथेचे कादंबरीतील चित्रण स्पष्ट करा. पुनर्वसनाच्या एका वस्तीतून येणाऱ्या मुलीने कादंबरीवर चार ओळी लिहून पुढे पानभर नावे लिहिली होती. विहिरींची, शेतांची, एका पाराची, दोन पाणवठ्यांची; आजीने सांगितलेली, बुडालेल्या गावातली. वाक्ये नव्हती. आम्ही समासात लाल शाईने 'मुद्द्यास धरून नाही' असे लिहिले आणि दहापैकी तीन गुण दिले. पेपर एकाने तपासला होता, पण दुसऱ्याने तो वाचून मान डोलावली होती, त्यामुळे दोष वाटून घेता येत नाही. तो दोघांचा पुरता आहे. मुलगी पुढच्या वर्षी दिसली नाही. आमच्या तीन गुणांमुळे ती गेली, असे म्हणणे हा स्वतःला दिलेला अवाजवी मान होईल. पण तिने जे लिहिले ते उत्तरच होते, हे कळायला आम्हाला धुवारीत अडकावे लागले.

टीकेची भाषा आम्हाला मुक्कामाकडे पाहायला शिकवते. व्यथा, संघर्ष, मूल्यसंघर्ष, व्यवस्था हे आमचे पैलतीर. उत्तर तिकडे पोहोचले की गुण. त्या मुलीचे उत्तर कुठेच जात नव्हते. ते जागच्या जागी धोंडा सोडून खोली मोजत होते. आणि कादंबरीकार तरी काय करतो? गावाची मोडतोड सांगण्याआधी त्याला गाव उभे करावे लागते, आणि गाव नावांनीच उभे राहते. समीक्षेने ही नावे 'तपशील' या शब्दात गुंडाळून ठेवली आहेत.

अकराच्या पुढे वर उजेड झाला, तरी खाली धुवारी होतीच. मामांनी फाळ उचलला, इंजिन लावले, आणि शंभर हात गेलो नसू तोच खालून कट्ट् असा आवाज होऊन इंजिन मोकळे फिरू लागले. पाण्याखालच्या वाळलेल्या झाडाला पंखा लागला होता. पंख्याच्या दांड्यात एक मऊ धातूची पिन असते. धक्का बसला की गिअर तुटण्याऐवजी ती तुटते. ती तुटण्यासाठीच असते. मामांकडे अशा पाच पिना डबीत होत्या. त्यांनी इंजिन वर उचलून पंखा उतरवला, पिन हातात घेतली, आणि ती भोकात जाईना. भोक जिथल्या तिथे होते. हात थरथरत होता. थंडीने असेल असे आम्ही म्हणालो. मामा म्हणाले, "थंडी नाही बाई. दोन वर्स झाले." पिन भाचीने बसवली. तिसरी वेळ यायच्या आत बसली, याचा मामांना झालेला आनंद आम्हाला पाहवला नाही.

त्यानंतर ते शांतपणे म्हणाले, की बोट विकायची आहे. मासेमारांपैकी एकाने मागितली आहे. सील बदलले, तडा भरला, की देऊन टाकतील. पंधरा वर्षे जो प्रश्न आम्ही विचारला नव्हता, त्याचे उत्तर एव्हाना मिळाले होते. मासे नव्हेत, हौसही नव्हे. एखाद्याने रोज संध्याकाळी वावरात एक फेरी मारावी, बांध पाहावे, तशी त्यांची ती फेरी होती.

काठावर आलो ते दुपारी एकच्या सुमारास, आणि काठाला लागल्यावर ऊन पडले. तड्याची जागा काचकागदाने घासली, सुकू दिली. रेझिनमध्ये हार्डनर मोजून घातला. जास्त झाला की तापून तडकते, कमी झाला की चिकट राहते. मॅटचे दोन थर कुंचल्याने बसवले, आतली हवा दाबून काढली. या कामात मामांचा हात अजिबात थरथरला नाही.

भाकरी सोडताना निम्न पैनगंगेचा विषय निघाला. याच नदीवर खाली आणखी एक मोठे धरण व्हायचे आहे, आणि यवतमाळ-नांदेड या दोन्ही बाजूंची बुडितात जाणारी गावे कित्येक वर्षे त्याविरुद्ध लढत आहेत. मामांना त्यात बाजू घ्यायची नव्हती. कालव्याच्या पाण्याने पिकलेली खालची शेतेही त्यांनी पाहिली आहेत. तिथले पंप त्यांनीच दुरुस्त केले आहेत. ते एवढेच म्हणाले, "धरन होवो का न होवो, नावं आताच लिवून ठेवा म्हना. पानी आल्यावर आठवत नाही. भेव वाटते तवा मानूस भांडे मोजते."

आम्हाला एक कल्पना सुचली आणि ती आम्ही उत्साहाने बोलून दाखवली: अर्जातला रकाना कोरा आहे, तर बोटीला 'धोंडीचं' हेच नाव द्यावे. ती विकली तरी नाव पाण्यावर फिरत राहील. साहित्याच्या शिक्षकांना सुचावी तशी ती कल्पना होती. मामांनी भाकरीचा तुकडा खाली ठेवला.

"नाही. बोट इकता येते. वावराचं नाव बोटीले देलं, त बोटीसंगं तेबी इकलं जाईन."

मग त्यांनी कागद मागितला, चष्मा लावला, आणि आमच्या यादीत दोन चुका काढल्या. 'खारीचं' दोनदा आले होते. त्यांतले एक 'खोरीचं' होते. थाळीच्या आवाजात आम्हाला नीट ऐकू आले नव्हते. दुरुस्त करून यादीत सत्तावीस नावे झाली. शेतांची एकवीस, विहिरींची चार, एक पार, एक पाणवठा. त्यांखाली आम्ही दिनांक घातला. मामांनी सही करू का, असे विचारले, आणि केली. सहीची अक्षरे थरथरलेली आहेत.

सील अजून यायचे आहे. ते आले की आम्हाला पुन्हा जायचे आहे, या वेळी वही घेऊन. कारण नाल्याच्या पलीकडची वावरे राहिली आहेत. महाविद्यालयाच्या जुन्या नोंदवहीतून त्या विद्यार्थिनीचा पत्ताही शोधून ठेवला आहे. तिची आजी असेल तर तिला, नसेल तर तिला स्वतःला, ती पानभर नावे पुन्हा विचारायची आहेत. उत्तरपत्रिका नियमाप्रमाणे केव्हाच रद्दीत गेल्या.